एकसष्ट हजार चारशे नऊ

अमुक पुढारी बरा की तमुक, असं कुणी विचारलं की कात्रणकाका सांगायचे, "मला माणसं माहीत नाहीत. त्यांनी काय लिहिलं तेवढं माहीत आहे." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की दिवसातून एकदा तरी ते म्हणायची संधी ते शोधत असत. कुणी विचारलं नाही तर आपणच विषय काढत. बायको ते ऐकून चहाचा कप जरा जोरात खाली ठेवायची.

काकांनी बत्तीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात काढली होती. हातात कात्री, समोर खळीची वाटी, मागे भिंतभर लोखंडी कपाटं. कुठला पुढारी कधी काय बोलला त्याचं कात्रण त्या त्या नावाच्या पाकिटात. उपसंपादक धावत यायचा, "काका, हा गृहस्थ सात वर्षांपूर्वी पुलाबद्दल काय बोलला होता?" आणि काका चार मिनिटांत कात्रण त्याच्या हातात ठेवायचे. हातात ठेवताना कधी हसायचे नाहीत, पण छाती दोन इंच फुगायची. मग वर्तमानपत्राचे मालक बदलले. नव्या मालकांचे मेहुणे निवडणुकीला उभे राहिले. एका सोमवारी काका कामावर आले तर कपाटं रिकामी. रद्दीवाला शनिवारीच येऊन सगळं पोत्यात भरून घेऊन गेला होता. काका त्या उघड्या कपाटांपुढे उभं राहून रडले, म्हणजे हुंदके देऊन रडले, आणि दारात उभा असलेला शिपाई फिदीफिदी हसला. बत्तीस वर्षांच्या नोकरीतून काकांनी घरी काय आणलं असेल तर ते हसू.

त्या हसण्यातून आरसा निघाला. आरसा हे त्यांच्या सर्व्हरचं नाव. फोटोकॉपीच्या दुकानावर एक खोली होती, खालच्या यंत्रांच्या उष्णतेनं तिची फरशी कायम कोमट असायची. तिथे मांडणीवर तीन कॉम्प्युटर, त्यांच्यावर रोखलेला एक टेबलफॅन, आणि काकांची खुर्ची. सगळं जग जिथे लिहितं त्या मोठ्या साइटवर चारशे बारा पुढारी जे काही लिहीत, ते एक छोटा प्रोग्राम दर अर्ध्या मिनिटाला जाऊन बघायचा आणि नवीन काही असलं की उचलून आरशावर जसंच्या तसं लावायचा. प्रत्येक प्रतीला एक क्रमांक मिळायचा, ओळीनं, एकामागून एक. आणि एक शिक्का. शिक्का म्हणजे त्या मजकुरातून आणि फोटोतून गणितानं काढलेली आकड्याअक्षरांची लांबलचक ओळ. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ती ओळ जुळायची नाही.

खरी गंमत पुढे होती. पुढाऱ्यानं आपलं लिहिलेलं मोठ्या साइटवरून काढून टाकलं, तर आरशावर त्या प्रतीला लाल पट्टी चढायची आणि ती 'पुसलेलं' नावाच्या पानावर सगळ्यांत वर जाऊन बसायची. म्हणजे माणसानं लाज वाटून जे झाकलं तेच आधी दिसायचं. ते पान लोक चवीनं वाचत. माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे काही पुसलं जात नाही.' आणि कुणालाही दाखला मागता यायचा: अमुक पुढाऱ्याचा अमुक तारखेचा मजकूर तुमच्याकडे आहे का? आरसा शिक्क्यासह आपोआप उत्तर द्यायचा, आहे किंवा नाही. दोन वर्षांपूर्वी नदीकाठच्या एकशे चाळीस घरांचा खटला झाला. पर्यायी घरं देऊ असं एका खासदारानं लिहिलं होतं, मग पुसलं, मग कानावर हात ठेवले. कोर्टानं आरशाची प्रत पुरावा म्हणून मान्य केली. खासदार अपिलात गेला आणि ते अपील अजून चालू होतं. पण त्या दिवसापासून काकांचे पाय जमिनीला लागले नाहीत.

राहता राहिलं लोकांना आवरायचं काम. पुढाऱ्याच्या प्रतीखाली कुणीही उत्तर लिहू शकायचं, आणि निम्म्या लोकांना ही प्रत आहे हेच कळायचं नाही. त्यांना वाटायचं, साहेबच समोर बसलेत. कुणी नळाला पाणी नाही म्हणून लिही, कुणी बदली मागे, कुणी आईबहिणीवरून शिव्या घाले. एक आजोबा रोज सकाळी एका आमदाराला नमस्कार घालायचे. आमदार वारले, त्यांच्या प्रती थांबल्या, आजोबा थांबले नाहीत. वर्षभरानं त्यांनी लिहिलं, 'आपण हल्ली फार कमी बोलता, हे चांगलं आहे.' काकांनी त्याखाली ठरलेली ओळ डकवली, 'हे खातं यांत्रिक प्रत आहे, येथून उत्तर मिळणार नाही.' आजोबांनी त्या ओळीचेही आभार मानले.

शिव्या आणि धमक्या काढायला काकांच्या जोडीला केमिस्टबाई होती. तिचं औषधांचं दुकान होतं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसल्या बसल्या ती उत्तरं चाळायची. तिच्यासाठी आणि स्वतःसाठी काकांनी नियम लिहून भिंतीला चिकटवले होते. पहिला नियम: पुढाऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही, झाकायचा नाही, खोडायचा नाही. चौथा नियम: लोकांपैकी कुणी उत्तरात कुणाचा फोन नंबर टाकला तर तो एका मिनिटात काढायचा. बाई एकदा म्हणाली होती, "काका, सगळ्याची एक प्रत माझ्याकडेही ठेवा की. खोलीला आग लागली तर?" काकांनी मान डोलावली आणि दिली नाही. जादा प्रतीची एकुलती एक डिस्क घरी कपाटात, बायकोच्या साड्यांखाली असायची. कपाटं एकदा रिकामी झाल्यावर काका स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसत.

काकांची भाची शाळेत शिकवायची. चौथीचा वर्ग, अडतीस मुलं. एका मंगळवारी मधल्या सुट्टीत वर्गाच्या छताचा गिलावा कोसळला, थेट तिसऱ्या बाकावर. मुलं बाहेर होती म्हणून वाचली. भाचीनं त्या बाकाचा फोटो काढला आणि मोठ्या साइटवर टाकला. खाली लिहिलं, 'इथे तिघी बसतात.' दुसरं काही लिहिलं नाही. फोटो वणव्यासारखा पसरला.

गुरुवारी सकाळी शिक्षणमंत्र्यांनी उत्तर दिलं. शाळेच्या नोंदवहीतला भाचीचा फोटो लावला, तिचं नाव, तिचा फोन नंबर, आणि मजकूर: 'काठीनं छत पाडून फोटो काढणाऱ्या याच त्या बाई. पालकांनो, तुमच्या मुलांच्या जिवावर प्रसिद्धी कशाला हवी, हे फोन करून यांनाच विचारा.' अकरा मिनिटांनी मंत्र्यांच्या कार्यालयात कुणाचं तरी डोकं ठिकाणावर आलं आणि मजकूर पुसला गेला. तोवर आरशानं आपलं काम केलं होतं. प्रत क्रमांक एकसष्ट हजार चारशे नऊ. लाल पट्टी. 'पुसलेलं'च्या पानावर सगळ्यांत वर.

दुपारपर्यंत आरशावर चाळीस हजार माणसं येऊन गेली. इतकी गर्दी आजवर कधीच झाली नव्हती. टेबलफॅन अपुरा पडला म्हणून काकांनी खालून दुसरा मागून आणला. मंत्र्यांचेच लोक नंबर मिळवायला येत होते, कारण नंबर आता दुसऱ्या कुठल्या साइटवर शिल्लक नव्हता. काकांनी आकडे बघितले, मजकूर वाचला नाही, फोटोकडेही नीट बघितलं नाही. बाईमाणसाचा फोटो आहे एवढं त्यांना दिसलं. घरी जेवायला आले ते हात चोळतच. "आज मंत्र्याला पकडलं बघ आरशानं," म्हणत त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

बायकोनं चष्मा लावला. बघितलं. मग म्हणाली, "अहो, ही आपली आहे."

काकांचा घास हातात राहिला. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, त्यांच्या मनात दुसरं काही येऊन गेलं: आता लोक मला हे काढायला सांगणार. आणि ते मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागले.

भाचीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाज बसलेला होता. "मामा, नंबर तेवढा झाकता येईल का? बाकी सगळं राहू दे. माझा फोटोही राहू दे."

"अगं, झाकला की शिक्का मोडतो. शिक्का मोडला की ती प्रत आणि कुणीही घरी बनवलेलं चित्र यात फरक उरत नाही. उद्या मंत्रीच म्हणेल, हे खोटं."

"रात्रीपासून तीनशे फोन आलेत, मामा."

"फोन बंद ठेव ना मग."

"अडतीस मुलांच्या घरी हाच नंबर आहे. कुणा ऐऱ्यागैऱ्यानं खाली माझा नंबर टाकला तर तू मिनिटात काढतोस. मंत्र्यानं वर टाकला तर नाही?"

यावर काकांनी भाषण दिलं. कपाटं, रद्दीवाला, लोकशाही, नदीकाठची एकशे चाळीस घरं. भाचीनं लहानपणापासून हे भाषण इतक्यांदा ऐकलं होतं की मध्येच थांबवायचीही तिला शक्ती राहिली नाही. शेवटी ते म्हणाले, "तू असं कर, साइटवर अर्ज आहे, तो भर. नियम सगळ्यांना सारखा. आपल्या माणसाला वेगळा न्याय लावला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तिनं अर्ज भरला. नातं विचारणारा रकाना अर्जात नव्हता. काकांनी तो वाचला आणि 'नामंजूर, नियम एक' असं उत्तर पाठवलं. पाठवून झाल्यावर त्यांना उगाचच बरं वाटलं. आपण किती कठोर आहोत, याचं त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं.

तिनं नंबर बदलला. पण जुना बंद करायच्या आधी त्याच्यावर एक फोन आला होता. लहान मुलीचा आवाज, मागून कुणीतरी मोठ्या माणसानं पढवलेला. मुलीनं शिवी दिली. ती शिवी म्हणताना मुलगी एका अक्षरावर अडखळली, आणि भाचीनं तिला त्या अडखळण्यावरूनच ओळखलं, कारण वर्षभर तिला वाचायला शिकवताना त्याच अक्षरावर ती रोज थांबायची. मुलीनं अक्षर नीट म्हणून शिवी पूर्ण केली आणि फोन ठेवला. सोमवारी शाळेनं भाचीला निलंबित केलं. चौकशी समिती नेमली. शिक्षकांच्या खोलीतला तिचा कप कुणीतरी धुऊन, कागदात गुंडाळून तिच्या घरी पोचवला.

नवव्या दिवशी काकांची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, खोलीवर आली. ती दवाखान्यात परिचारिका होती, पाळी संपवून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशात. तिनं बसायला खुर्ची मागितली नाही.

"दादा, पोर दोन दिवस दार उघडत नाही. आतून कडी लावून बसते. मी ताट दाराशी ठेवते, तसंच्या तसं परत येतं. मी वॉर्डात रोज असल्या मुली बघते. ते आरशावरचं काढ."

"अगं, झाकून ठेवतो. लोकांना दिसणार नाही, पण माझ्याकडे—"

"तुझ्याकडे पण नको! कुठेच नको! या यंत्रात, त्या यंत्रात, वहिनीच्या कपाटात, कुठेही ते असेल तोवर मला घास गिळणार नाही. आत्ता पुस. माझ्यादेखत."

"नियम—"

"बाबा गेले तेव्हा तुझ्या फीसाठी मी शाळा सोडली. तेव्हा कुठला नियम होता रे?"

हे ती चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलली. काका खुर्चीत बसले आणि एखादं काम हातात घेतलं की ते जसे चोख करतात तसंच त्यांनी तेही केलं. पहिल्या यंत्रातून प्रत काढली, दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. शिक्क्यांच्या यादीतून ओळ काढली. कुठे काय काढलं याची नोंद आपोआप राहते, तीही काढली. मग बहिणीला घेऊन घरी गेले, साड्यांखालून डिस्क काढली आणि तिच्यातूनही ती नाहीशी केली. वरून तीन वेळा कोरं लिहिलं, म्हणजे कुणी खोदून काढू म्हटलं तरी हाती लागू नये. शेवटी यादीत एकसष्ट हजार चारशे आठच्या खाली थेट एकसष्ट हजार चारशे दहा उरला.

बहीण ओक्साबोक्शी रडली आणि त्यांच्या दंडाला धरून राहिली. काकांचेही डोळे भरून आले. आपण आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काहीतरी एका पोरीसाठी सोडून दिलं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्या वाटण्यात ते दोन दिवस छान गुंगून राहिले. त्या पोरीला विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

पोर कडी लावून मरायला बसली नव्हती. ती कामाला बसली होती. तिला एक वकीलबाई मिळाली होती आणि दोघी फोनवर तारीख, वेळ, कोण कधी काय बोललं याची यादी करत होत्या. सर्वांच्या फोनांत त्या मजकुराचे फोटो होते, पण वकीलबाई म्हणाली, असले फोटो समितीपुढे टिकत नाहीत, कुणीही बनवतं. कोर्टानं मान्य केलेली अशी एकच गोष्ट आहे, आरशाची शिक्क्याची प्रत. ती दाखवली की शाळेनं नोंदवहीतला फोटो आणि नंबर मंत्र्याला दिला हेही सिद्ध होतं, आणि निलंबन गळून पडतं.

तीन दिवसांनी भाची खोलीवर आली. केस धुतलेले, काखेत फाइल. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा माणसात आल्यासारखा दिसत होता.

"मामा, त्या दिवशी मी चिडले. तुझंच बरोबर होतं," ती म्हणाली. "झाकलं असतं तर आज पंचाईत झाली असती. प्रत काढून दे, शिक्क्यासकट. आणि दाखला पण."

खाली फोटोकॉपीचं यंत्र खडखडत होतं. काका टेबलफॅनकडे बघत राहिले.

"मामा?"

"पुसली," ते म्हणाले. "तुझी आई आली होती. तुझ्यासाठीच पुसली गं. सगळीकडून."

भाची ओरडली नाही. वर्गात चूक उत्तर आल्यावर ती जशी थांबायची तशी थांबली. मग म्हणाली, "कुणाला विचारून?"

"तुझी आई—"

"आईचा नंबर होता का तो?"

काकांनी उगाचच टेबलफॅनचं तोंड नीट केलं.

"मी हात जोडून नंबर झाकायला सांगितला तेव्हा तुझे नियम होते. आता मला हवं होतं तेव्हा नाहीत." तिनं फाइल काखेत नीट धरली. "ठीक आहे. समितीपुढे ये आणि एवढंच सांग. प्रत होती, मी पुसली. दोन वाक्यं, मामा. तुझा शब्द मानतात लोक."

"येतो," काका म्हणाले. आणि तेव्हा त्यांच्या मनात तेच होतं, हेही खरं.

'पुसलेलं'च्या पानावरची ती प्रत गेल्याचं मंत्र्यांच्या लोकांनी हेरलं होतं. त्याच आठवड्यात मंत्र्यांनी लिहिलं, 'सदर शिक्षिकेबद्दल मी कधीही काहीही लिहिलेलं नाही. लिहिलं असेल तर दाखवावं.' अर्ध्या मिनिटात ते आरशावर आलं, क्रमांक पडला, शिक्का बसला. मंत्र्यांच्या वकिलानं आरशाकडे त्या तारखेचा दाखला मागितला. यंत्राला घरची भानगड ठाऊक नव्हती. त्यानं उत्तर दिलं, 'असा मजकूर आमच्या नोंदीत नाही,' आणि खाली शिक्का मारला.

सुनावणीच्या दिवशी सकाळी केमिस्टबाईचा फोन आला. "काका, यादीत एक आकडा मध्येच गायब दिसतोय. काही पुसलंत का हो?"

"नाही."

"नाही ना? मग हरकत नाही. घाबरले मी. पुढच्या महिन्यात घरांचं अपील आहे. आपण एक जरी पुसल्याचं निघालं तर समोरचा वकील म्हणेल, आणखी किती पुसलंत, काय काय बदललंत. सगळंच गेलं मग."

समिती एका लांब खोलीत बसली होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाला शाईचे जुने डाग, झाकण घातलेले तीन पेले. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत. भाची वकीलबाईशेजारी बसली होती. मागच्या बाकावर बहीण. काकांना खुर्ची दिली गेली. कधी नव्हे ते त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

भाचीच्या वकीलबाईनं सरळ विचारलं, "मंत्र्यांच्या त्या मजकुराची प्रत तुमच्याकडे होती का?"

काकांनी तोंड उघडलं, पण मंत्र्यांचा वकील आधीच उभा राहिला होता. गोड माणूस. "अध्यक्षबाई, आधी एक छोटा प्रश्न विचारू द्या. या काकांबद्दल आमच्या साहेबांना फार आदर आहे. यांचा दाखला आम्ही डोळे मिटून मानतो." त्यानं आरशाच्या पहिल्या पानाचा छापील कागद काकांपुढे ठेवला. "काका, इथे लिहिलंय, इथे काही पुसलं जात नाही. हे खरं आहे ना? हो की नाही, एवढंच सांगा."

काकांनी कागदाकडे बघितलं. मोठी अक्षरं त्यांनीच निवडली होती, तीन दिवस घालवून. पुढे पुष्कळ दिवस ते सगळ्यांना सांगत राहिले की त्या क्षणी डोळ्यांपुढे नदीकाठची एकशे चाळीस घरं आली. घरं आली नाहीत. उघडी कपाटं आली, आणि दारात फिदीफिदी हसणारा शिपाई. पुसलं म्हणालो तर उद्या सगळं गावच तसं हसेल, एवढंच त्यांना दिसलं आणि त्यांची गाळण उडाली.

"हो," ते म्हणाले. "पुसलं जात नाही."

"आणि दाखल्यावरचा शिक्का तुमचाच?"

"माझाच."

मागच्या बाकावरून बहिणीनं "दादा!" म्हणून हाक मारली. साक्षीदारांत तिचं नाव नाही म्हणून अध्यक्षबाईंनी तिला गप्प बसायला सांगितलं. मग भाचीनं हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि परवानगी मिळाल्यावर उभी राहिली. तिनं यादीचा छापील कागद उचलला.

"चौथीच्या मुलांनाही कळेल असं विचारते. चारशे आठनंतर चारशे दहा आहे. चारशे नऊ कुठे आहे, मामा?"

खोलीत सगळे काकांकडे बघायला लागले. अजूनही वेळ होती. दोन वाक्यं होती, त्यांतलं एक पुरलं असतं. काकांनी भाचीच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं.

"यंत्र कधीकधी एखादा आकडा गाळतं," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं. भाची कागद हातात धरून अजून थोडा वेळ उभी होती, मग बसली. त्यानंतर तिला जे जे विचारलं गेलं त्याला तिनं हो किंवा नाही एवढंच उत्तर दिलं. बाहेर व्हरांड्यात काका तिच्याजवळ गेले तेव्हा ती वकीलबाईंना म्हणाली, "चला, हे गृहस्थ आपल्याबरोबर नाहीत." बहीण त्यांच्या अंगावरून भिंतीला घासून पुढे गेली, पण त्यांना शिवली नाही.

निकाल आठ दिवसांत लागला. खरं काय ते सगळ्या गावाला माहीत होतं, पण समितीला कागद हवा होता आणि कागद मंत्र्यांच्या बाजूनं होता. भाचीची नोकरी गेली. आदेशाची प्रत खात्यानं प्रसिद्ध केली, खाली तिचा पत्ता आणि नवा फोन नंबर, कारण नमुन्यात तसा रकाना असतो.

मंत्र्यांनी दाखल्याचा फोटो लावला आणि लिहिलं, 'सत्य समोर आलं. आरसा या अत्यंत विश्वासू संस्थेचे आभार.' अर्ध्या मिनिटात तेही आरशावर आलं. शिक्का अगदी बरोबर बसला. हा मजकूर मंत्र्यांनी अजून पुसलेला नाही.

त्याखाली उत्तरं धो धो यायला लागली. तिसऱ्याच उत्तरात कुणीतरी आदेशातून भाचीचा नवा नंबर उचलून टाकला होता, 'आता करा फोन.' काकांनी तो काढला, मिनिटाच्या आत, चौथा नियम. दुसऱ्यानं टाकला, तोही काढला. केमिस्टबाईनं अंगात बरं नाही म्हणून कळवलं होतं, आणि ती पुन्हा उत्तरं चाळायला बसली नाही. काका एकटेच बसून होते. लोक नंबर टाकत होते, काका झाकत होते. सकाळचा चहा निवून गेला, जेवणाचा डबा तसाच राहिला, खालचं दुकान बंद झालं, फरशी थंड पडली. भाचीनं पहिल्या फोनवर एवढंच मागितलं होतं.